जिट नव्या प्रोसेसरवर नेताय? आधी ही तयारी करा

मागच्या वेळी आमच्या प्रोग्रामिंग भाषेचा जिट (प्रोग्राम चालू असतानाच त्याचा मशीन कोड बनवणारा कंपायलर) एक्स८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) वरून एआरएम६४ (६४-बिट एआरएम प्रोसेसर) वर नेताना एकाच चुकीपायी माझे तीन आठवडे गेले, म्हणून या वेळी आधीच लिहून काढतोय. क्रॉस कंपायलर (एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्यासाठी कोड बनवणारा), क्यूएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा एम्युलेटर) वगैरे लागणारच, त्यावर बोलत नाही. पण खरा बोर्ड पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवा, एम्युलेटरवर भागवू नका.

आधी जिट बंद करून नुसता इंटरप्रिटर (मशीन कोड न बनवता प्रोग्राम एकेक सूचना वाचून चालवणारा भाग) चालवा, सगळ्या टेस्ट पास होईपर्यंत जिटला हात लावू नका. सी मधला साधा कॅर लिनक्सवर एक्स८६ ला साइन्ड (ऋण आकडे घेणारा) आणि एआरएमला अनसाइन्ड असतो, त्यामुळे एआरएमवर कॅरमध्ये साठवलेल्या -१ ची तुलना कधी खरीच ठरत नाही. मेमरीचं पेज ४ केबीचंच धरलेलं असेल तर तेही शोधा, १६ आणि ६४ केबीची पेजेससुद्धा असतात.

आता कॅश फ्लश, म्हणजे प्रोसेसरच्या कॅशमधली (जवळच्या वेगवान मेमरीतली) शिळी प्रत काढून नवा कोड दिसेल असं करणं. हे नीट वाचा. एक्स८६ वर कोड लिहिला की सरळ तिथे उडी मारता येते, हार्डवेअर सांभाळून घेतं. एआरएमवर डेटा कॅशमध्ये लिहिलेलं इन्स्ट्रक्शन कॅशला आपोआप कळेलच असं नाही, जीसीसी-क्लँगमधलं क्लिअर कॅशचं बिल्टइन तुम्हालाच बोलवावं लागतं. मी नवीन फंक्शन कंपाइल झाल्यावर बोलवलं होतं, पण इनलाइन कॅश (कुठलं फील्ड कुठे सापडलं हे बनलेल्या कोडमध्येच लिहून ठेवणं) पॅच करताना, म्हणजे त्या कोडमध्ये बदल करताना, विसरलो. क्यूएमयूवर सगळं पास, कारण तो असे शिळे कॅश दाखवतच नाही. बोर्डवर मात्र कधीतरी एका फील्डची किंमत मागितली की भलत्याच फील्डची यायची. जीडीबीत (डीबगरमध्ये) बघावं तर इन्स्ट्रक्शन अगदी बरोबर, कारण तो मेमरी डेटाच्या बाजूने वाचतो, आणि तिथे ब्रेकपॉइंट लावला की बग गायब, कारण ब्रेकपॉइंट लिहिताना कर्नल स्वतःच तेवढा भाग फ्लश करतो!

म्हणून कोडमध्ये लिहिणारी प्रत्येक जागा ग्रेप करून (सगळ्या सोर्समध्ये शोधून) काढा: नवीन फंक्शन, इनलाइन कॅश, कॉल पॅचिंग, डीऑप्ट (वेगवान कोड सोडून इंटरप्रिटरकडे परतणं), जीसीने (नको असलेली मेमरी परत घेणाऱ्या गार्बेज कलेक्टरने) ऑब्जेक्ट हलवल्यावर कोडमधला पत्ता बदलणं. सगळं लिखाण एकाच फंक्शनमधून जाऊ द्या आणि फ्लश त्याच्या आतच ठेवा. चार बाइट लिहिले तरी फ्लश. रिस्क-व्ही (आणखी एक प्रोसेसर प्रकार) वर जाणार असाल तर फेन्स-आय (नवा कोड दिसायला लावणारी इन्स्ट्रक्शन) फक्त त्याच कोअरपुरतं चालतं, थ्रेड दुसरीकडे गेला की उपयोग नाही, लिनक्सचा फ्लशचा सिस्टम कॉल वापरा.

कॉलिंग कन्व्हेन्शन (फंक्शन बोलवताना पाळायचे नियम): एआरएम६४ वर एक्स१९ ते एक्स२८ ही रजिस्टर जपा, एक्स१८ ला हात लावू नका, स्टॅक १६ बाइटवर अलाइन ठेवा. पूर्णांकाला शून्याने भागल्यावर एआरएम ट्रॅप (चूक झाल्याचा इशारा) देत नाही, गुपचूप शून्य देतो, तपासणी तुम्ही टाका. मेमरी ऑर्डरिंग ढिलं आहे (एका कोअरचं लिखाण दुसऱ्याला वेगळ्या क्रमाने दिसू शकतं), लॉक-फ्री (लॉक न वापरणाऱ्या) कोडमध्ये क्रम राखणारं अक्वायर-रिलीज बघा. बाकी फ्लोट, बेंचमार्क नंतर.

शेवटी बोर्डवर सगळे कोअर लावून रात्रभर टेस्ट चालवा, आणि त्याआधी फ्लशसाठी ग्रेप परत एकदा मारा.