विजेत्या स्केटरने प्रशिक्षक कसे व्हावे : ब्रायन ऑर्सर यांच्या वाटचालीतून

स्पर्धेतून निवृत्त होऊन फिगर स्केटिंग शिकवू पाहणाऱ्याने पहिल्याच दिवशी स्वतःची हुकमी उडी बाजूला ठेवावी. कॅनडाचे ब्रायन ऑर्सर यांची ओळखच मुळी ट्रिपल ॲक्सल, म्हणजे समोर तोंड करून झेपावत हवेत साडेतीन फेरे घेणारी उडी. १९८४ च्या साराजेव्हो ऑलिंपिकमध्ये ती यशस्वीपणे मारणारे ते पहिले स्केटर आणि १९८७ चे जगज्जेते. तरीही त्यांची दक्षिण कोरियाची शिष्या किम युना हिने २०१० मध्ये व्हँकुव्हर ऑलिंपिकला सुवर्ण जिंकले ते या उडीविनाच. रौप्यविजेत्या जपानच्या माओ आसादाने त्या स्पर्धेत तीन ट्रिपल ॲक्सल मारल्या होत्या. किमने ट्रिपल लुट्झ आणि लगोलग ट्रिपल टो लूप या तीन-तीन फेऱ्यांच्या जोडउडीवर भर देऊन २२८.५६ गुण मिळवले. आपली उडी शिष्येवर न लादणे, हे मला ऑर्सर यांचे सर्वांत मोठे शहाणपण वाटते.

उड्यांआधी सरकणे घोटून घ्यावे. पात्याच्या तळाला लांबीभर खोलगट खाच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना धारदार कडा असतात. स्केटरचा तोल एका वेळी एकाच कडेवर हवा. टोरांटोच्या क्रिकेट, स्केटिंग अँड कर्लिंग क्लबमध्ये ऑर्सर यांच्यासह माजी आइस डान्सर ट्रेसी विल्सन शिकवतात, आणि तेथे जगज्जेतेही इतरांबरोबर हाच पायाभूत सराव करतात. कठड्याशी उभे राहून क्षणभर डोळे मिटावेत : कडेवर तोललेले पाते बर्फ सलग, मऊ आवाजात कापत जाते, तर पुढचे दाते घासू लागले की खरखर ऐकू येते.

स्वतःचा पराभव विसरू नये. १९८८ मध्ये मायदेशी, कॅलगरी ऑलिंपिकला, ट्रिपल फ्लिप या तीन फेऱ्यांच्या उडीवरून उतरताना ऑर्सर यांचा तोल किंचित ढळला, दुसरी ट्रिपल ॲक्सल त्यांनी सोडून दिली आणि अमेरिकेच्या ब्रायन बॉयटानो यांच्याकडून ते निसटते हरले. त्या दिवसाचे ओझे ज्याने वाहिले आहे, त्याने शिष्याला स्पर्धेच्या सकाळी नवे काही सांगू नये. पाठ झालेला क्रमच शांतपणे करू द्यावा.

दोन प्रतिस्पर्धी एकाच रिंकवर शिकत असतील तर दोघांचा वेळ आधीच नेमून द्यावा. ऑर्सर यांचे शिष्य, जपानचा युझुरू हान्यू आणि स्पेनचा हाविएर फर्नांडेस, असेच एकत्र घडले. २०१८ मध्ये प्याँगचँग ऑलिंपिकला हान्यूने सुवर्ण, फर्नांडेसने कांस्य जिंकले. सरावात ज्याचे संगीत चालू असेल, त्याला बाकीच्यांनी वाट मोकळी करून द्यायची, हा नियम दोघांनाही सारखाच लागू ठेवावा.