स्फटिक आडवा, स्फटिक उभा: थरांच्या चुंबकाची अॅनिसोट्रॉपी कशी मोजायची

"सर, एकाच तुकड्याचे दोन कर्व्ह वेगवेगळे यायलेत. सॅम्पल गेलं काय?" नांदेडहून इंदूरला मोजणीसाठी गेलेल्या पोरांचा हा फोन ठरलेला असतो. गेलं नाही रे बाबा. त्या फरकासाठीच तर तुला रेल्वेत बसवलं. कर्व्ह म्हणजे चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं की तुकड्याचं चुंबकन कसं वाढतं, त्याचा आलेख. क्षेत्र थरांना लंब लावलं की एक वागणं आणि थरांच्या बाजूनं लावलं की दुसरं, हीच अॅनिसोट्रॉपी. तिचा आकडा कसा काढायचा, ते एकदाच लिहून ठेवतो.

हा आकडा का लागतो? मर्मिन आणि वॅगनर यांनी १९६६ मध्ये दाखवलं की सपाट थरात अणूंच्या चुंबकीय आघूर्णांना, म्हणजे अणूअणूतल्या छोट्या चुंबकांना, सगळ्या दिशा सारख्याच असतील, तर शून्य केल्व्हिनच्या वर कुठल्याच तापमानाला त्यांची लांबवर शिस्त टिकत नाही. तरीही २०१७ मध्ये क्रोमियम आयोडाइडचा एकच थर ४५ केल्व्हिनपर्यंत चुंबक राहतो, असं दिसलं. तिथं सगळ्या दिशा सारख्या नाहीत, थराला लंब असलेली दिशा लाडकी आहे, म्हणून ते जमलं.

सुरुवात कशानं करायची? क्रोमियम आयोडाइडचं नाव मोठं, पण दमट हवा लागली की ते खराब होतं. आपल्याकडच्या एप्रिलच्या कोरड्या हवेच्या भरवशावरसुद्धा ते ग्लोव्हबॉक्सबाहेर (कोरडा वायू भरलेल्या बंद पेटीबाहेर) काढू नका, पावसाळ्यात तर नावच नको. लोह-जर्मेनियम-टेल्युराइड, म्हणजे एफजीटी, साधारण २२० केल्व्हिनपर्यंत चुंबक असतं, त्यामुळं लिक्विड नायट्रोजनवर भागतं. (नायट्रोजनचं कौतुक नको. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायला आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत तो असतोच.) अडचण दुसरीकडं आहे. एफजीटीला थरांच्या बाजूनं सॅच्युरेट करायला, म्हणजे क्षेत्र वाढवूनही चुंबकन आणखी वाढत नाही तिथवर न्यायला, कित्येक टेस्ला लागतात आणि साध्या इलेक्ट्रोमॅग्नेटची धाव दोनेक टेस्लापर्यंतच. म्हणून माझी पसंती क्रोमियम-जर्मेनियम-टेल्युराइडला, म्हणजे सीजीटीला. हेलियम लागतो, कारण ६५ केल्व्हिनच्या आसपासच ते चुंबक होतं. पण हवेत बऱ्यापैकी तग धरतं आणि अर्ध्या टेस्लाच्या आसपास काम होतं.

तुकडा निवडताना आरशासारखा चकचकीत, पातळ आणि सपाट घ्या. तो चकचकीत चेहरा म्हणजे थरांची पातळी, आणि त्याला लंब तो सी-अक्ष. स्फटिक वाढवताना वर चिकटलेलं जास्तीचं टेल्युरियम टेपनं सोलून काढा, नाहीतर त्याचंही वजन मोजलं जाईल. वजन करताना पंखा बंद. मे महिन्यात जीव जातो, पण दोन मिलिग्रॅमच्या तुकड्याला पंख्याचा वारा म्हणजे वादळ. काटाही किमान पाच दशांशांचा पाहिजे, कारण ०.१ मिलिग्रॅमवर थांबणाऱ्या काट्यात पाच टक्के तिथंच गेले. चिमटा प्लास्टिकचा. लोखंडी चिमट्याचा कण लागला की ३०० केल्व्हिनलाही छोटं लूप (क्षेत्र चढवताना आणि उतरवताना कर्व्ह वेगवेगळ्या वाटेनं जाणं) दिसतं. म्हणून थंड करण्याआधी एक फेरी खोलीच्या तापमानाला घ्याच: सरळ रेष आली तर पुढं जा, लूप आलं तर तुकडा सोलून परत बसवा.

मग पाच-दहा केल्व्हिनला दोन फेऱ्या: एकदा क्षेत्र सी-अक्षावर, एकदा थरांच्या पातळीत. तुकडा फिरवून बसवताना अंदाजानं बसवू नका. पाच-सात अंशांचा तिरपेपणाही कठीण दिशेचा, म्हणजे थरांच्या पातळीतला, कर्व्ह बिघडवतो.

आता हिशेब. वजनाला घनतेनं भागून घनफळ काढा, सीजीटीची घनता घन सेंटिमीटरला साधारण ६.१ ग्रॅम. एका क्रोमियमला तीन बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) धरले तर सॅच्युरेशन घन सेंटिमीटरला सुमारे २०० इएमयू (चुंबकीय आघूर्णाचं एकक) येतं. म्हणजे दोन मिलिग्रॅमच्या तुकड्यानं ०.०६६ इएमयूच्या जवळपास दाखवलं पाहिजे. ०.०४ आलं तर आधी वजन तपासा, सिद्धांत नंतर.

दोन कर्व्हमधलं क्षेत्रफळ म्हणजे अॅनिसोट्रॉपीची ऊर्जा. इथं घाई नडते. तुकडा सपाट असल्यामुळं सी-अक्षावर क्षेत्र लावलं की त्याचा आकारच विरोध करतो. पातळ पत्र्याचा डीमॅग्नेटायझेशन गुणक (आकाराचा हा विरोध किती, ते सांगणारा आकडा) त्या दिशेनं जवळजवळ एक असतो. त्यामुळं लाडक्या दिशेचा कर्व्हसुद्धा सीजीटीत पाव टेस्लापर्यंत रेंगाळतो. आतलं खरं क्षेत्र काढण्यासाठी लावलेल्या क्षेत्रातून चुंबकन (इएमयूत असेल तर ४π नं गुणून) वजा करा आणि कर्व्ह पुन्हा काढा. न केलं तर काय होतं? क्रोमियम आयोडाइड कठीण दिशेला तीन टेस्लाच्या आसपास सॅच्युरेट होतं, तिथं घनमीटरला ३१० ऐवजी २८३ किलोज्यूल येईल, नऊ टक्क्यांची चूक. सीजीटीत मात्र सुमारे ५० ऐवजी २५ येईल. सोपं म्हणून घेतलेल्या पदार्थात निम्मं उत्तर गायब. प्रबंध तपासताना मी आधी हेच पान उघडतो.

एवढं जमलं की क्रोमियम क्लोराइड घ्या. १७ केल्व्हिनच्या खाली त्याचं वागणं उलटं: लाडकी दिशा थरांच्या पातळीत, आणि कच्चं क्षेत्रफळ वजा येतं. डीमॅग्नेटायझेशनचा भाग काढला की जवळजवळ काहीच उरत नाही, कारण क्लोरीन हलकं, त्याचं स्पिन-ऑर्बिट कपलिंग (इलेक्ट्रॉनच्या स्पिनची त्याच्या कक्षेतल्या फिरण्याशी असलेली सांगड) क्षीण. आयोडीन जड, म्हणून आयोडाइडमध्ये तोच क्रोमियम इतका हट्टी होतो. दोन्ही तक्त्यात शेजारी-शेजारी मांडा आणि प्रत्येक आकड्यापुढं तापमान आणि करेक्शन आधीचं की नंतरचं, हे लिहा.