उन्हाळ्यापूर्वी कोळंबीच्या टाकीचा तळ आणि दिवे: सोलापूर परिसरातील शोभिवंत कोळंबीपालकांसाठी सल्ला

चेरी कोळंबीच्या (गोड्या पाण्यातल्या लहान शोभिवंत कोळंबीच्या) टाक्यांचा तळ, म्हणजे तळाशी अंथरलेली खडी-वाळू, बदलायचा असेल, तर ते काम फेब्रुवारी संपण्याच्या आत उरकून घ्यावे. मार्चच्या मध्यानंतर सोलापुरात पत्र्याच्या खोलीतले पाणी दुपारी २८ अंशांच्या पुढे सहज जाते, आणि अशा वेळी तळ उकरला, तर वर उठलेला गाळ, पाण्यातील कमी झालेला प्राणवायू आणि उष्णतेचा ताण ही तिन्ही संकटे कोळंबीवर एकदमच येतात.

तळाचा आणि रंगाचा संबंध कोळंबीच्या डोळ्यांमधून जुळतो. कवचाखालच्या त्वचेत रंगपेशी असतात. त्यांतील रंगकण पसरले की अंग गडद दिसते आणि ते आकसून एका ठिपक्यात गोळा झाले की अंग फिके, जवळजवळ पारदर्शक होते. हे पसरणे-आकसणे डोळ्यांच्या देठांतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे घडते. म्हणून पांढऱ्या वाळूवर सोडलेली लाल कोळंबी काही तासांतच निस्तेज दिसू लागते. गडद तळावर ती अनेक आठवडे राहिली, तर रंगाचा साठाही हळूहळू वाढतो; मात्र त्यासाठी लागणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये कोळंबी स्वतः तयार करू शकत नाही, ती शेवाळातून आणि खाद्यातूनच मिळावी लागतात. स्पिरुलिना, उकडलेला पालक किंवा शेवग्याचा पाला यांत कसूर असेल, तर कितीही काळा तळ घातला तरी लाली भरत नाही.

तळासाठी बाहेरगावच्या महागड्या काळ्या खडीमागे लागण्याचे फारसे कारण नाही. आपल्याकडच्या खडी क्रशरवर मिळणारी काळ्या दगडाची २ ते ३ मिलिमीटरची कच या कामाला उत्तम आहे, फक्त ती पाणी स्वच्छ निघेपर्यंत, म्हणजे दहा-बारा वेळा तरी, धुवावी लागते. दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेली असतात आणि त्यांपैकी काही चुनखडीची असतात. यासाठी मूठभर वाळलेली कच बशीत घेऊन तिच्यावर लिंबू पिळावे आणि बशी कानाशी धरावी. बारीक चरचर ऐकू आली किंवा पांढऱ्या कणांभोवती बुडबुडे धरले, तर तो ढीग सोडून दुसऱ्या खाणीची कच पाहावी, कारण आपल्या बोअरचे पाणी आधीच जड असते आणि त्यात आणखी चुन्याची भर नको. शेतातील काळी माती मात्र घालू नये. ती पाण्यात फुगते, गढूळ होते आणि तिच्यात चुनखडीचे खडेही असतात. कच धुण्यासाठी डाळिंब किंवा द्राक्षाच्या फवारणीचे पिंप, बादली, घमेले काहीही वापरू नये. बोर्डो मिश्रणातील मोरचुदाचा अंश, म्हणजेच तांबे, माणसाला जाणवणारही नाही इतके असले तरी कोळंबीला घातक ठरते.

धुतलेल्या कचीचा थर दोन-अडीच सेंटिमीटरचा पुरतो. चालू टाकीत तळ एकाच दिवशी न बदलता तीन-चार टप्प्यांत, दर आठवड्याला एक भाग याप्रमाणे बदलावा, म्हणजे जुन्या तळावरचे उपयुक्त जिवाणू टिकून राहतात. ॲक्वा सॉइल, म्हणजे पाणी आम्लधर्मी ठेवणारी टाकीसाठीची तयार माती, ही क्रिस्टल जातीच्या कोळंबीची गरज आहे; जड पाण्यात तिची ताकद लवकर संपते आणि क्रिस्टल कोळंबी २४ अंशांपेक्षा गरम पाण्यात राजी नसते, त्यामुळे थंड पाण्याची कायमची सोय असल्याखेरीज सोलापुरात त्या वाटेला जाऊ नये.

काळ्या तळाचा एक तोटा पालकांच्या ध्यानात येत नाही. त्यावर कमकुवत वाणाची कोळंबीही चांगली दिसते. पहिल्या वर्षी मी काळ्या तळावर निवडलेली मादी-नराची तुकडी एका ग्राहकाला दिली, त्याच्या टाकीत फिकट वाळू होती, आणि चौथ्या दिवशी त्याने फोनवर विचारले की लाल सांगून गुलाबी का दिली. चूक माझीच होती. तेव्हापासून पैदाशीची निवड पांढऱ्या टबात करतो: टाकीचेच पाणी घ्यावे, वीसेक कोळंबी सोडाव्यात, दोन तास हात लावू नये आणि मग दिवसाच्या उजेडात पाहावे. पायांपर्यंत लाली टिकवणाऱ्या माद्या ठेवाव्यात. नर मुळातच फिके असतात, त्यामुळे नराची तुलना नराशीच करावी. प्रवासातून नुकतीच आलेली किंवा नुकतीच कात टाकलेली कोळंबी या परीक्षेला बसवू नये. निळ्या आणि लाल वाणांची टाकी एक करू नये. संकरातून तपकिरी पिल्ले निघू लागतात.

दिव्यांनी रंग तयार होत नाही, तो फक्त दिसतो. ६५०० केल्व्हिनच्या आसपासचा साधा पांढरा एलईडी योग्य. गुलाबी झाक असलेल्या नळ्यांखाली विक्रेत्याचा माल लालभडक दिसतो, खरेदी करताना तेवढे ध्यानात ठेवावे. रोज सहा ते आठ तास प्रकाश पुरेसा असून तो टायमरवर ठेवल्यास तळावर शेवाळाचा पातळ थर नेमाने वाढतो आणि कोळंबी दिवसभर तोच चरत राहते. प्रकाश जास्त आणि तळ पांढरा असला, की ती दगडाआड दडून बसते, म्हणून पाने, मॉस किंवा देशी बदामाची वाळलेली पाने यांची सावली टाकीचा एक भाग तरी व्यापेल इतकी असावी.

एप्रिल-मे महिन्यांत दिवे दुपारी न लावता सायंकाळी चार ते दहा या वेळेत लावावेत आणि पाण्यापासून वीतभर वर टांगावेत. पश्चिमेच्या खिडकीवर जुनी सोलापुरी चादर टांगली तरी ऊन अडते. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने पाण्यावरून वारा जाईल असा लहान पंखा बसवल्यास तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. पाणी मात्र झपाट्याने आटते आणि क्षार मागे राहतात. ही तूट बोअरच्या पाण्याने न भरता आरओच्या पाण्याने, रोज सकाळी थोडी-थोडी भरून काढावी. आठवड्याची तूट एकदम भरल्यास जडपणात अचानक फरक पडतो, कात अडकते आणि चांगली रंगलेली मादीच आधी दगावते.