तुटलेली पट्टी जाळून बंद करू नका : आरोहण-साहित्याच्या बिघाडाचा तपास कसा करावा

पावागडच्या कातळावर रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून कातळ उतरण्याचा, सराव चालू असताना आमच्या अँकरच्या, म्हणजे दोर कातळाला जखडणाऱ्या जोडणीच्या, दोन नायलॉन पट्ट्यांपैकी एक तुटली. दुसरीने भार घेतला, त्यामुळे कोणाला साधे खरचटलेदेखील नाही. पहिला आरोहक तेव्हा नुकताच काठावर मागे रेलला होता आणि पट्टीवर झटका असा बसलाच नव्हता. संध्याकाळी बडोद्याला दांडिया बाजारातील घरी परतल्यावर तुटलेल्या पट्टीची धूळ झटकण्यात आली, सुटलेले धागे कात्रीने कापण्यात आले आणि टोके उसवू नयेत म्हणून उदबत्तीने जाळून बंद करण्यात आली. हे सगळे मीच केले. पट्टी का तुटली हा प्रश्न दुसऱ्या दिवशी पडला, तोवर उत्तर केराच्या टोपलीत गेले होते.

तपासाला बसण्यापूर्वी काही आकडे डोळ्यांसमोर असावेत. शिवलेल्या पट्टीची प्रमाणित ताकद किमान 22 किलोन्यूटन असते. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, लांबीच्या दिशेने, तिचे गेट (उघडझाप होणारी दांडी) बंद असताना, किमान 20 किलोन्यूटन भार सोसतो. गेट उघडे असले किंवा भार आडवा आला तर ही हमी सुमारे 7 किलोन्यूटनवर येते. 80 किलोचा माणूस स्वस्थ लटकला तर जेमतेम 0.8 किलोन्यूटन भार पडतो. त्यामुळे वजन किती होते, हा प्रश्न बहुतेक वेळा निरर्थक ठरतो. भार कोणत्या दिशेने आला, दोर कशावरून गेला होता आणि वस्तू त्या दिवसापर्यंत कोणत्या स्थितीतून गेली होती, हे विचारावे लागते. याला एक अपवाद आहे. पट्टी दोरासारखी फारशी ताणली जात नाही. अशा पट्टीला स्वतःला अडकवून आरोहक अँकरच्या वर चढला आणि तिथून घसरला, तर मीटरभराच्या पडण्यातही झटका दहा किलोन्यूटनच्या पलीकडे जाऊ शकतो, आणि पट्टीला गाठ मारलेली असेल तर तिची ताकद आधीच बरीच घटलेली असते.

धातूची वस्तू तपासायला तुलनेने सोपी. कॅराबिनर तुटला असेल तर प्रथम त्याचे नाक (गेट ज्यात अडकते ते टोक) आणि गेटची पिन भिंगाखाली पाहावी. गेट बंद असताना पूर्ण भार आला असेल तर नाकाची खाच आणि पिन एकमेकींना ओढतात, त्यामुळे पिन वाकते किंवा खाचेची कड फाटते. या दोन्ही जागा शाबूत आहेत आणि कॅराबिनर मात्र फाकून तुटला आहे, असे दिसले तर त्या क्षणी गेट उघडे होते, असे मानायला भक्कम आधार मिळतो. कातळाला टेकून गेट दाबले जाणे हे त्याचे नेहमीचे कारण. तुटलेला पृष्ठभाग मळकट आणि खडबडीत असेल तर एकाच जबर भाराने तुटल्याचा संभव अधिक. त्यावर शिंपल्यासारख्या वळ्या दिसल्या तर भेग आधीपासून हळूहळू वाढत होती असे समजावे.

दोराचा तपास अधिक कठीण, आणि तो कसा फसतो याचे बोलके उदाहरण जपानमध्ये घडले. 2 जानेवारी 1955 रोजी माएहोताका पर्वताच्या पूर्व भिंतीवर एक आरोहक जेमतेम अर्धा मीटर घसरला आणि 8 मिलिमीटरचा नवा नायलॉन दोर कातळाच्या कडेवर तुटून तो मरण पावला. नायलॉन हा तागाच्या दोरापेक्षा कितीतरी भक्कम मानला जात असल्याने सोबत्यांच्या सांगण्यावर लोकांचा विश्वास बसेना. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जाहीर प्रयोग झाला, त्यात नायलॉनचा दोर धारदार कडेवरही टिकला, आणि चूक आरोहकांचीच असावी असा समज पसरला. पुढे उघड झाले, की प्रयोगातील दगडाच्या कडा आधीच घासून किंचित गोल केलेल्या होत्या. मृताच्या भावाने वर्षानुवर्षे स्वतः प्रयोग करून हा मुद्दा लावून धरला, तरी आरोहणाच्या दोरांसाठी सुरक्षा-मानक लागू व्हायला 1975 उजाडले. आजच्या प्रमाणित चाचणीतही दोर 5 मिलिमीटर त्रिज्येच्या गोलाईवरूनच ताणला जातो. म्हणून वेष्टनावर किती झटके सोसल्याची नोंद आहे, यावरून तीक्ष्ण कडेबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये. दोर कडेवर तुटला असेल तर त्या कडेचा साचा घ्यावा. मुलांच्या खेळातली मळलेली माती पुरते. कडेशिवाय केलेल्या प्रयोगाला अर्थ नाही.

टोकाकडे पाहताना एवढे लक्षात ठेवावे. सगळे धागे एकाच पातळीवर स्वच्छ तुटले असतील तर सुरी किंवा धारदार कड. लांडेतोकडे, फुलारलेले धागे असतील तर घासणी. धाग्यांची टोके वितळून आळंबीसारखी गोल झाली असतील तर अतिवेगाने आलेला ताण. ही शेवटची खूण सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. उदबत्तीने मी नेमकी तीच जागा वितळवली होती.

आमचे कारण सापडले ते जोडीच्या पट्टीमुळे. ती त्याच दिवशी, त्याच दुकानातून घेतलेली होती आणि जिन्याखालच्या त्याच कपाटात, इन्व्हर्टरच्या बॅटरीवरच्या फळीवर ठेवलेली असे. वरून धड दिसत होती. बोटांत दुमडली तेव्हा घडीवरचे धागे तुटून पिवळसर भुकटी पडली. परिचित प्राध्यापकांनी महाविद्यालयातील ताण-यंत्रावर ती ओढून पाहिली, तेव्हा छापील ताकदीच्या निम्म्यापर्यंतही ती पोचली नाही. बॅटरीतले सल्फ्युरिक आम्ल नायलॉनला आतून खाते आणि बाहेर डाग दिसेलच असे नाही. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी दोर टाकणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

काही अपघातांत साहित्य निर्दोष असते आणि जोडणी चुकलेली असते. 2013 मध्ये फ्रान्समधील ओर्पिएर येथे बारा वर्षांचा एक इटालियन मुलगा पडून मरण पावला, तेव्हा क्विकड्रॉतील (आखूड पट्टीने जोडलेल्या दोन कॅराबिनरांच्या जोडीतील) कॅराबिनर पट्टीत न अडकवता केवळ तो जागेवर ठेवणाऱ्या रबरात अडकवलेले आढळले. म्हणून तपासात प्रत्येक जोड जसाच्या तसा ठेवणे महत्त्वाचे आहे.

आता क्रम. जखमीची व्यवस्था लागल्याखेरीज साहित्याकडे वळू नये, आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाली असेल तर पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत काहीही हलवू नये. एरवी प्रथम दुरून व जवळून छायाचित्रे घ्यावीत, शेजारी मोजपट्टी ठेवून. गाठी सोडू नयेत. दोर कापणे भाग पडले तर तुटलेल्या टोकापासून दूर कापावा आणि आपण कापलेल्या टोकावर रंगीत चिकटपट्टी लावावी. ओले साहित्य सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावे. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडून राहते. धुणे, पुसणे, जुळते का म्हणून तुटलेली टोके एकमेकांना लावून पाहणे, हे तिन्ही मोह टाळावेत. उपस्थितांनी आपापले म्हणणे चर्चेपूर्वी वेगवेगळे लिहून काढावे, कारण संध्याकाळच्या चहापर्यंत सगळ्यांची आठवण एकसारखी होऊन जाते. वस्तूवरचा अनुक्रमांक, उत्पादनाचे वर्ष, खरेदीची पावती आणि ती कुठे ठेवली जात होती याची नोंद त्यासोबत जोडावी.

त्याच खेपेतील वस्तू आणखी कोणाकडे आहेत हे त्याच दिवशी शोधून त्यांना फोन करावा. आमच्या पट्ट्यांपैकी दोन एका मित्राने उसन्या नेल्या होत्या आणि पुढच्या रविवारी त्याचा बेत पावागडचाच होता.