बाळाची छाती घरघरते? मग या चुका टाळा

गड्ड्याची जत्रा भरली की सोलापुरात घरोघरी लेकरांची नाकं वाहायला लागतात. थंडी असते, धूळ असते, आणि जत्रेतून शिंकत आलेला मामा हात न धुताच बाळाचा मुका घेतो.

मग आल्यागेल्यानं बाळाच्या छातीला कान लावायचा. "घरघर वाजतंय की!" पण श्वास कुणीच मोजत नाही, आणि सगळ्यात मोठी चूक हीच. घरघर पुष्कळदा नुसत्या शेंबडाची असते. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा, घड्याळ लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. तान्ह्याचा श्वास मध्येच थबकतो, मग भराभर चालतो. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षापर्यंत ५०, पुढं पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले तर दवाखाना गाठा. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, म्हणजे आपण 'पोट उडतंय' म्हणतो तसं, तर मोजतही बसू नका. ओठ निळे पडले, दूध ओढेना, बाळ कण्हायला लागलं, तर १०८ ला फोन करा. रात्र आहे म्हणून थांबू नका.

दुसरी चूक धुरीची. बंद खोलीत निखाऱ्यावर ओवा आणि लसणाच्या साली! हे भांडण थोरलीच्या वेळी मी हरले. धाकट्याच्या वेळी शेगडी बाहेर गेली आणि सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. घरात विड्या वळत असाल तर तंबाखूचं सूपही पाळण्यापासून लांब ठेवा.

नाकात तेल घालू नका, ते फुफ्फुसात उतरतं. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात; दूध पाजायच्या आधी तेच घाला. दोन वर्षांच्या आत कापूर किंवा बामही नको.

थोरल्याचं खोकल्याचं औषध अर्धा चमचा करून धाकट्याला देणं तर नकोच. सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर 'चार वर्षांखाली देऊ नये' असं छापायला केंद्रानं २०२३ मध्ये उगाच सांगितलं नाही. आणि विषाणूच्या सर्दीला अँटिबायोटिक लागू पडत नाही. डॉक्टरांकडं हट्टानं मागू नका.

पोट उडतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. रिक्षात वारं लागलं की बाळ गाढ झोपतं, आणि डॉक्टरांना बघून असं हसतं की आपणच खोटे पडतो.