लहानपणीच्या वाळवंटातल्या गावी परत जायचंय? मग आधी हे वाचा

वडील तिथल्या दवाखान्यात डॉक्टर होते म्हणून माझी पहिली ते सहावी ऑस्ट्रेलियाच्या पार मधोमध युएन्दुमू नावाच्या गावात झाली, वॉर्लपिरी आदिवासींचं गाव, ॲलिस स्प्रिंग्जपासून जवळपास 300 किमी आत. मग आलो तासगावला. गेल्या वर्षी बायको-पोराला घेऊन परत जाऊन आलो, आणि आता अशीच बाहेर वाढलेली दोन-तीन मंडळी विचारतायत की कसं जायचं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

जायचं ते मे ते सप्टेंबरमध्येच. डिसेंबर-जानेवारीत पारा चाळीसच्या वर, त्यापेक्षा आपलं जत-आटपाडी परवडलं. पण त्या थंडीच्या सीझनमध्ये रात्री स्वेटरशिवाय भागत नाही हां. व्हिजा काढा, इथून थेट विमान नाही, सिडनी-मेलबर्नवरून ॲलिसला उतरायचं. पुढं तनामी रोड. भाड्याची गाडी घेताना कच्च्या रस्त्यावर चालते का ते कागदावर वाचून घ्या, बऱ्याच गाड्यांना परवानगी नसते. फोर बाय फोर, दोन स्टेपन्या, सॅटेलाइट फोन आणि वाटतंय त्याच्या दुप्पट पाणी. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबायचं, चालत निघायचं नाही. अंधार पडल्यावर ड्रायव्हिंग नको, कांगारू आणि गुरं थेट समोर येतात.

1976 च्या कायद्यानं तिथली बरीच जमीन आदिवासींच्या मालकीची आहे, म्हणून आत जायच्या परमिटचं सेंट्रल लँड काउन्सिलला, म्हणजे त्या जमिनींचा कारभार बघणाऱ्या संस्थेला, आधीच विचारा, आणि ज्यांच्याकडे जाणार त्यांनाही निरोप धाडा. दारू न्यायची नाही, एक बाटलीसुद्धा नाही.

आता खरी गोष्ट. तिथं तुमचं नाव कुणाच्या लक्षात असेलच असं नाही, पण तुमचं नातं असतं. वॉर्लपिरींत आठ गट, प्रत्येक गटाचं नाव बायांसाठी न वरून आणि बाप्यांसाठी ज वरून, आणि त्यावरून कोण कुणाचा मामा, कुणाशी लग्न चालतं, कुणाशी बोलायचंच नाही हे सगळं ठरतं. वडलांना तिथल्यांनी जपलजारी केलेलं, त्यामुळं मी आपोआप जुंगारायी, आणि माझा पोरगा परत जपलजारी. आपल्याकडं नातवाला आजोबाचं नाव ठेवतात ना, तसंच बघा. तर जायच्या आधी आईवडलांना आपला गट विचारून घ्या, त्यांना आठवत नसेल तर तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना बरोबर माहीत असतं.

आणि इतक्या वर्षांत माणसं गेलेली असणार. आपण गावी गेलो की आधी ज्या घरात कोण गेलंय तिथं भेटून येतो, तिथंही दुखवटा फार मोठा असतो, कधीकधी सगळं गाव ठप्प. फक्त एक, गेलेल्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, आणि त्याचा फोटोही न विचारता दाखवायचा नाही. त्याच नावाचा दुसरा जिवंत माणूस असला तर त्यालाही नावाऐवजी कुमनजायी म्हणतात, म्हणजे ज्याचं नाव घ्यायचं नाही तो. मला हे लहानपणापासून माहीत होतं तरी मी शहाण्यानं पहिल्याच संध्याकाळी जुना अल्बम उघडला, कौतुकानं, आणि शेजारच्या मावशीनं झटकन तोंड फिरवलं. कोण ओरडलं नाही, फक्त गप्प झाले सगळे, ते जास्त लागलं. तेव्हा फोटो न्या, जरूर न्या, पण पाकिटात बंद, आणि एखाद्या थोरल्या माणसाला बाजूला घेऊन विचारा की यातले कुठले दाखवू. नवे फोटो काढतानाही तेच.

पोचल्या पोचल्या प्रश्नांची सरबत्ती नको. जमिनीवर बसा, चहा घ्या, तासभर कोण काही बोललं नाही तरी चालतं. युवाई म्हणजे हो, लावा म्हणजे नाही, न्गापा म्हणजे पाणी, एवढं आठवलं तरी लोक खूष होतात.

पोरांसाठी न्यायचं असेल तर त्यांचा तो लांबट फुटबॉल न्या, त्याचंच वेड आहे तिकडं. मी सांगलीतून बॅट नेली होती, ती दुसऱ्या दिवशी जाळ ढोसायला वापरत होते.