दहा कोंबड्यांचे खुराडे: परसात सुरुवात करताना

पहिल्यांदाच कोंबड्या पाळायच्या असतील तर एक दिवसाची पिल्ले आणू नका. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरुण माद्या, आणा. त्या थोड्या महाग पडतात, पण ऊब देण्याचा नाजूक काळ दुसऱ्या कुणीतरी निभावलेला असतो. घरापुरत्या अंड्यांसाठी आठ ते दहा माद्या पुरतात. नुसती अंडी खायची असतील तर कोंबडा लागतच नाही, त्याच्याशिवायही कोंबडी अंडी घालते. पिल्ले काढायची असतील तर दहा माद्यांमागे एक नर ठेवा. शहरात राहत असाल तर पहाटे चारची बांग शेजाऱ्यांना चालेल का, हे आधी विचारा. पालिकेचे किंवा सोसायटीचे नियमही बघून घ्या.

पक्षी कोणते घ्यायचे, हे जागेवर ठरते. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी देते, पण चपळ असते, स्वतःचे पोट भरते आणि अंड्यांवर बसून पिल्लेही सांभाळते. ग्रामप्रिया ही हैदराबादची जात खास अंड्यांसाठी तयार केलेली आहे, ती गावठीच्या दुपटीहून जास्त अंडी देते. बंगळुरूची गिरिराज अंडी आणि मांस दोन्हींसाठी चालते, पण अंगाने जड असते. परसाला कुंपण नसेल आणि मुंगसांचा वावर असेल तर ती पळून जीव वाचवू शकत नाही. या सुधारित जाती संकरातून आलेल्या असतात. घरच्याच अंड्यांतून काढलेली त्यांची पुढची पिढी तशीच निघत नाही, त्यामुळे पिल्ले दर वेळी विकतच आणावी लागतात. पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र पुण्यात खडकीला आहे. तलंगांचे गट अनुदानावर मिळण्याची योजना चालू आहे का, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळते. आठवडी बाजारातून सुटी कोंबडी आणायचा मोह टाळा. बाजारात दहा गावांच्या कोंबड्या एकत्र येतात, आणि त्यांचे रोगही.

खुराडे

कोंबड्या आणण्याआधी खुराडे तयार हवे. दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला रात्रीसाठी दोन चौरस फूट जागा पुरते, म्हणजे दहांसाठी पाच फूट बाय चार फूट. ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच खांबांवर उभे करा, म्हणजे खालून हवा खेळते, पावसाचे पाणी शिरत नाही आणि साफसफाई सोपी होते. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारचे ऊन थेट आत येत नाही. कोकणात छपराची पुढची कड किमान दीड फूट बाहेर काढा, नाहीतर आषाढात तळाचे तूस दोन दिवसांत चिंब होते.

जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली घ्या. बाजारात कोंबडीची जाळी म्हणून षटकोनी छिद्रांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला आणि घुशीला बाहेर ठेवत नाही. पिल्ले असतील तर अंगठा जाईल एवढी फटही बुजवा, सापाला तेवढी पुरते. दाराला नुसती आकडी नको, कडी घाला. दिवेलागणीला कोंबड्या आपणहून आत येतात. त्या मोजून दार लावायचे, हे काम एकाही दिवशी चुकवायचे नाही. परसातल्या बहुतेक कोंबड्या उघड्या राहिलेल्या दारापायीच जातात.

आत बसायला दांड्या हव्यात, प्रत्येकीला आठ इंच या हिशेबाने. दीड-दोन इंच जाडीच्या, कडा घासलेल्या लाकडी दांड्या चांगल्या. गुळगुळीत बांबूवरून पाय घसरतो. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर बसवा, नाहीतर वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडण. अंडी घालायला फूटभर लांब, रुंद आणि उंच अशी दोन खोकी गवत घालून ठेवा. ती दांड्यांपेक्षा खाली असावीत. वर असली तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि अंडी शिटेने माखतात.

तळाला भाताचे तूस दोन-तीन इंच पसरा आणि आठवड्यातून दोनदा हलवा. मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा झाला तर ते ओले आहे, ताबडतोब बदला. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, आणि तुसातून उठणाऱ्या उग्र वासाने कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात.

तरीही एक दिवसाची पिल्ले आणलीच तर

पुठ्ठ्याचा दीड फूट उंच गोल करा. कोपरे ठेवू नका, पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. वीस पिल्लांना 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लागतो. एलईडी दिव्याची ऊब मिळत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर 35 अंश सेल्सिअस हवे, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्ले जास्त खरे सांगतात. बल्बखाली गर्दी केली तर बल्ब खाली घ्या, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर वर घ्या. सगळीकडे पसरून चरत असली तर काही करू नका. पाण्याच्या भांड्यात गोटे घाला, नाहीतर पिल्ले बुडतात.

खाणे

आठ आठवड्यांपर्यंत पिल्लांचे खाद्य द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना घालू नका, त्यातल्या जादा कॅल्शियमने पिल्लांचे मूत्रपिंड बिघडते. मोठी कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाते. परसात भरपूर किडे-गवत असेल तर घरून निम्मे पुरते. ते संध्याकाळी खुराड्यापाशीच घाला, म्हणजे सगळ्या वेळेवर परततात. अंडी सुरू झाली की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा; कवच पातळ येण्याचे पहिले कारण कॅल्शियमची कमतरता हेच असते. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी नको, त्या बुरशीचे विष यकृतात उतरते. उन्हाळ्यात दहा कोंबड्यांना तीनेक लिटर पाणी सावलीत हवे, दिवसातून दोनदा बदललेले.

लशी

मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की औषध नाही. पाच-सात दिवसांच्या वयाला लासोटा (राणीखेतची लहान पिल्लांची लस), चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहा-सात आठवड्यांना देवीची लस आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी (राणीखेतचीच, मोठ्या पक्ष्यांची लस), असा साधारण क्रम असतो. तलंगा घेताना यातले काय झाले ते लिहून घ्या. आर-टू-बीच्या आठवडाभर आधी जंताचे औषध द्या. अडचण अशी की लशीची बाटली साधारण 100 डोसांची असते आणि फोडली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या चार घरांनी एकच दिवस ठरवावा. लस बर्फातून आणा. पिण्याच्या पाण्यातून द्यायची असेल तर नळाचे क्लोरीनचे पाणी वापरू नका, त्याने लस मरते.

नवी कोंबडी पंधरा-वीस दिवस वेगळी ठेवा. एकाच दिवशी दोन-तीन अचानक मेल्या तर त्या खाऊ नका, उकिरड्यावर टाकू नका, दवाखान्यात कळवा. 2006 साली देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात सापडला होता, त्यामुळे दवाखाना हे हलक्यावर घेत नाही.

अंडी

पहिले अंडे पाच-सहा महिन्यांच्या वयाला येते आणि लहान असते. खोक्यात पांढरा प्लास्टिकचा चेंडू ठेवला की कोंबड्या तिथेच घालायला शिकतात. अंडी एकाएकी कमी झाली तर आधी कर्दळीत, लाकडांच्या रचनेमागे बघा. घर बदलायची खोड लागलेली असते. दोन दिवस दहा वाजेपर्यंत कोंबड्या कोंडून ठेवा, बहुतेक अंडी तोवर होतात. गावठी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसून राहू लागली, आणि पिल्ले हवी असतील तर आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी तिच्याखाली ठेवा, पिल्ले एकविसाव्या दिवशी. नको असतील तर तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, खाली गवत न घालता, तीन-चार दिवस ठेवा. पोटाखाली वारा लागला की ती उठते.